मारक्या बैलाचा धनी

(मननासाठीं : निर्गम २१:२८, २९)



मोशेच्या नियमशास्त्रांत मारक्या बैलाविषयीं एक नियम आहे. ज्या बैलाची कधीं तक्रार नव्हती त्यानें अकस्मात् मनुष्य मारिला, तर धनी निर्दोष ठरे. परंतु बैलाला मारण्याची खोड आहे असें धन्याला आधीं बजावलें असून त्यानें तो बांधला नाहीं, तर त्या रक्ताचा जाब धन्याला द्यावा लागे. बैल तसाच, मृत्यूही तसाच. भेद काय तो ठाऊक असण्याचा.

हा नियम आज आपल्या मोटारसायकलीलाही लागू आहे. आपण दारू पीत नाहीं, म्हणून नशेंत गाडी हांकण्याचें पाप आपणांस शिवत नाहीं, असें आपणांस वाटतें. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमांत दारूच्या जोडीला मादक औषधांचाही उल्लेख आहे. आणि गुंगीचें औषध घेणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो.

मग अधिक धोका कोणाला? पहिला, तरुणाला, तो वरातींत दारू व गांजा दोन्ही घेतो आणि एकाचा अंमल दुसऱ्यानें वाढतो. दुसरा, रात्रभर मालमोटार हांकणाऱ्याला. झोप मारण्यास घेतलेल्या गोळीचा जोर ओसरतांच दाबलेली झोप एकदम झडप घालते. तिसरा, वृद्धाला, उतारवयांत औषध शरीरांतून सावकाश निघतें, व डायझेपामसारख्या रात्रीच्या गोळीची गुंगी दुसऱ्या दिवशींही राहते. चवथा, ज्याची झोपेची, फेफऱ्याची किंवा तीव्र वेदनेची गोळी नुकतीच सुरू झाली अथवा वाढली त्याला. पांचवा, सर्दीची साधी गोळी घेणाऱ्याला. तिच्यांत पुष्कळदां क्लोरफेनिरामीन असतें, व तें झोप आणतें.

ह्या पांचव्यांत आम्ही स्वतः होतों. एका सायंकाळीं अशी गोळी घेऊन, शेजारच्या गांवची उपासना आटोपून परत येत असतां आमचा डोळा लागला. चाक रस्त्याखालीं उतरलें तेव्हां जाग आली. दहा पावलांवर ऊसतोडणीवाल्यांची बैलगाडी चालली होती. तींत मुलें निजलीं होतीं. गोळी देतांना दुकानदारानें 'झोप येईल' म्हणून बजावलें होतें. बंधूंनो, धन्याला खोड ठाऊक होती.

हें वाचून कोणी औषध सोडूं नये. फेफऱ्याची गोळी अकस्मात् बंद केल्यास झटका येऊन अधिक अनर्थ होतो. डॉक्टरांस इतकेंच विचारावें : ही घेऊन गाडी हांकूं काय, आणि किती वेळानें? गोळी नवी असेल तोंवर मागें बसावें. तिच्यावर दारू कदापि घेऊं नये. वृद्ध पित्याच्या हातची किल्ली मागणाऱ्या मुलानें त्याला बाजारीं नेण्यास स्वतः सिद्ध असावें. नाहीं तर ती काळजी नव्हे, अपमान होय.

वाटेनें जाणारा अनोळखी मनुष्यही आपला शेजारी आहे. आजपासून 'ठाऊक नव्हतें' असें आपणांस म्हणतां येणार नाहीं. बैल वेळींच बांधण्याची सुबुद्धि प्रभु आम्हां सर्वांस देवो. आमेन.