ओळ क्रमांक शंभर

केलेलं खोडावं की नाही, हा प्रश्न तसा मोठ्या माणसांचा. बँकेतल्या कारकुनाने त्यात पडू नये. पण गेल्या दिवाळीत सौ.ने माळा साफ करायला काढला आणि तिथून माझी कॉम्प्युटर क्लासची वही खाली आली. त्या वहीपायी मला पडावं लागलं.

वही १९९६ सालची. तेव्हा मी लोहाऱ्याहून एसटीने उमरग्याला एका क्लासला जात असे. तिथे बेसिक शिकवायचे. ही भाषा १९६४ साली अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी काढली. शास्त्र शाखेबाहेरच्या पोरांनाही यंत्राशी बोलता यावं, एवढाच त्यांचा हेतू. म्हणजे आम्हा कॉमर्सवाल्यांसाठीच म्हणा ना! प्रत्येक ओळीला नंबर द्यायचा: दहा, वीस, तीस. मधे नऊ जागा मोकळ्या ठेवायच्या, कारण माणूस काहीतरी विसरणारच हे धरून चाललेलं. एवढी समजूतदार भाषा मी नंतर पाहिली नाही.

वहीत सरळव्याजाचा प्रोग्रॅम होता. कन्या म्हणाली, "बाबा, हा अजून चालतो का बघू." जुन्या जीडब्ल्यू-बेसिकच्या वळणाचा इंटरप्रिटर हल्ली फुकट मिळतो. तिने तो लॅपटॉपवर घेतला, आणि वहीतलं सगळं मक्षिकास्थाने मक्षिका एका फाइलीत टाइप करून काढलं. मग 'लोड' म्हटलं.

यंत्राने पहिल्याच ओळीला हरकत घेतली. डायरेक्ट स्टेटमेंट इन फाइल! वहीच्या माथ्यावर मी 'श्री' लिहिलेलं, तेही तिने इमानदारीने टाइप केलेलं. फाइलीतून प्रोग्रॅम घेताना ज्या ओळीला नंबर नाही तिला आत प्रवेश नाही. मग ती प्रत्यक्ष श्रीची का असेना. आमच्या काउंटरवरही टोकनशिवाय कुणाचं काम होत नाही, तेव्हा मी काही बोललो नाही. (या 'लोड'ची आणखी एक खोड. नवीन आत घेण्याआधी ते यंत्रात असलेलं सगळं न विचारता पुसून टाकतं. शाखेत नवे मॅनेजर येतात तेव्हा साधारण असंच होतं.)

'श्री' काढला. लोड झालं. 'रन' म्हटलं, तर मुद्दल, दर, काळ विचारून झाल्यावर एकशे तिसाव्या ओळीत गाडी अडली. मिसिंग ऑपरंड. म्हणजे भागायचं तर आहे, पण कशाने ते सांगितलेलं नाही. चूक लगेच सापडली. वहीच्या रुळांत जागा संपल्यामुळे 'मुद्दल गुणिले दर गुणिले काळ भागिले' इथपर्यंत एका ओळीत आणि 'शंभर' खालच्या ओळीत, असं मी लिहिलं होतं. कन्येने तसंच टाइप केलं. ती ओळ तिने दुरुस्त केली, पुन्हा रन केलं. पाच हजार, दसादशे दहा, तीन वर्षं. दीड हजार रुपये. बरोबर!

ती टाळ्या वाजवत उठून गेली. मी सवयीने 'लिस्ट' काढून वहीशी ताळा केला. नव्वद होती, एकशे दहा होती. शंभर नव्हती.

झालं होतं असं, की खाली एकटा पडलेला तो 'शंभर' यंत्राने भाजक म्हणून वाचलाच नाही. ओळीचा नंबर म्हणून वाचला. आणि बेसिकमधे नुसता नंबर देऊन पुढे काही लिहिलं नाही, की त्याचा अर्थ होतो: त्या नंबरची ओळ पुसा. यंत्राने पुसली. हूं की चूं केलं नाही. भागाकार अडला तेव्हा बोंबललं, ओळ गेली तेव्हा गप्प.

गप्प राहायला कारणही होतं. शंभरावी ओळ 'रेम' होती. रेम म्हणजे शेरा. तो माणसांसाठी असतो, यंत्र त्याच्याकडे बघत नाही. तो असला काय, नसला काय, व्याज दीड हजारच. त्या शेऱ्यात लिहिलं होतं, की पुढचा हिशेब अमक्याने करून दिला. अमका म्हणजे सास्तूरकडचा माझा वर्गमित्र. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात त्याचं घर गेलं होतं, पत्र्याच्या शेडमधे राहून तो क्लासला येई. सूत्र मला पाठ होतं. ते यंत्राच्या गळी कसं उतरवायचं, ते त्याला कळत होतं.

आता सांगायचं ते सांगतो. परीक्षेच्या दिवशी सर माझ्या मशीनकडे यायच्या आधी मी 'एक शून्य शून्य' दाबून एंटर मारलं होतं. सरांनी लिस्ट पाहिली, शाबास म्हणाले, पुढच्या कोर्सची निम्मी फी माफ केली. तो मागेच उभा होता. पुढच्या कोर्सला तो आला नाही. फी भरण्याची ऐपत नव्हती.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या हेडकॅशिअरांनी पहिला धडा दिला: लेजरमधे खाडाखोड नाही, खरवडणं नाही. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, पण तिथेही चुकलेली नोंद नाहीशी होत नाही. तिच्या उलट दुसरी नोंद करावी लागते. पंचवीसएक वर्षं मी हे धर्मासारखं पाळतो आहे. नवीन पोरांना दमही देतो. आणि तरी मनाची समजूत अशी घालत आलो, की उत्तर कुठे बदललं? व्याज तेवढंच आलं ना? ज्या खोट्याने बेरीज बदलत नाही त्याला खोटं म्हणावं का, असा युक्तिवाद मी एसटीत, अंघोळ करताना, ऑडिटच्या रात्री स्वतःपुढे कैकदा मांडला आहे. दर वेळी मीच जिंकतो. समोर वकील नसतो ना.

त्या रात्री मी शंभरावी ओळ परत टाइप केली. चालवून पाहिलं. दीड हजार.

तो मित्र लोहाऱ्यातच असतो. खातं आमच्याच शाखेत. परवा काउंटरवर आला, तेव्हा मागे रांग असतानाही मी एका दमात त्याला सगळं सांगून टाकलं. श्री, भागिले, शंभर, एंटर. तो काचेपलीकडून ऐकत होता.

"मला दिसलं होतं तवाच," तो म्हणाला. मग पासबुक आत सरकवत म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. हितं दोन ओळी एकावर एक छापल्यात बघ. खालची वाचता येईना झालीय."