गायनवृंद सोडावा काय?

बावीस वर्षे आम्ही मंडळीच्या गायनवृंदात गात आहोत. गेल्या नाताळच्या तालमीत प्रमुखांनी आमचे एकट्याने गावयाचे कडवे कॉलेजातील एका मुलास दिले. घरी येऊन आम्ही पत्नीस म्हणालो, "आता पुरे. वय झाले, तरुणांना वाव द्यावा." शब्द नम्रतेचे होते, मन मात्र दुखावलेले होते.

जागा सोडणे हा त्याग असू शकतो, तसाच रुसवाही असू शकतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मग ओळखावे कसे? आम्ही स्वतःस एकच प्रश्न विचारला : ते कडवे आम्हांलाच मिळाले असते, तर आम्हांस आपले वय आठवले असते काय? खचित नाही!

पहिल्या इतिहासाच्या २५ व्या अध्यायात दाविदाच्या काळातील २८८ निपुण गायकांची नोंद आहे. त्यांच्या सेवेचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला. लहानथोर, गुरुशिष्य असा भेद त्यात केला नाही. गाणे ही सेवा असेल, तर आपली पाळी आपणच ठरवू नये.

म्हणून आम्ही मागल्या रांगेत उभे राहिलो. आवाज बसू लागला आहे हेही खरे. त्याचा निर्णय प्रमुखांनी निःसंकोच करावा, असे त्यांस सांगून ठेवले आहे.

शब्बाथशाळेचा वर्ग सोडू पाहणाऱ्या बंधुभगिनींनो, रागाच्या दिवशी राजीनामा लिहू नका. आनंदाच्या दिवशीही सोडावेसे वाटले, तर खुशाल सोडा.