आधी त्याचे म्हणणे ऐका



प्रेषितत्वाच्या पाचव्या वर्षी मक्केतील छळ असह्य होऊन काही मुस्लिम स्त्री-पुरुषांनी हबशाला हिजरत केली. त्यांना परत आणण्यासाठी कुरैशांनी अब्दुल्लाह बिन अबी रबीआ आणि अम्र बिन आस (ज्यांनी पुढे इस्लाम स्वीकारला) यांना नजराणे देऊन नज्जाशी राजाकडे पाठविले. या दूतांनी तलवार नेली नव्हती, शब्द नेले होते. ही आमची अविचारी पोरे आहेत, बापजाद्यांचा धर्म सोडून पळालेली आहेत, असे त्यांनी सांगितले. दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. नज्जाशीने मात्र आश्रितांचे म्हणणे ऐकल्यावाचून त्यांना सोपविण्यास नकार दिला. मग हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) बोलले. राजाने ऐकले आणि नजराणे परत केले.

आपल्या देशातही शब्दांनी असेच काम केले आहे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. सरकारने त्यांना ‘शरणार्थी’ म्हटले. त्यांच्या साहाय्यासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट सक्तीचे झाले. राणीसावरगावातून पाकीट धाडणाऱ्यानेही तो भार उचलला. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने संसदेत रोहिंग्यांचा उल्लेख ‘बेकायदा स्थलांतरित’ असा केला. २०१८ च्या प्रचारसभांत घुसखोरांना वाळवीची उपमा दिली गेली.

शब्दांतील हा फरक पाहा. ‘शरणार्थी’ म्हटले की आपल्यावर कर्तव्य येते. ‘घुसखोर’ म्हटले की गुन्हा आधीच सिद्ध झालेला असतो. आणि वाळवीवर तर केवळ औषध फवारायचे असते, तिचे म्हणणे कोण ऐकणार? १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, आश्रितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे सरकार कोणता शब्द योजते, यावर कित्येकांचे आयुष्य अवलंबून असते. कागदपत्रे तपासणे हा राज्याचा अधिकारच आहे. परंतु चौकशीअंती लागावा तो शब्द चौकशीपूर्वीच लावणे, हा न्याय नव्हे.

मात्र दोष केवळ सरकारांना देऊन आपली सुटका नाही. गेल्या हिवाळ्यात चादरी विकणारा एक परप्रांतीय तरुण आमच्याकडे जुम्याच्या नमाजला आला. त्याची बोली कोणाला उमगेना. नमाज संपताच कोणीतरी म्हणाले, “रोहिंग्या दिसतो, लांबच राहा.” नुकताच खुतबा देऊन उतरलेला मी गप्प राहिलो. उद्या आपल्याकडेच बोट दाखविले जाईल, ही भीती मलाही वाटली. तो गाठोडे उचलून निघून गेला. मी त्याचे नावही विचारले नाही. ज्या शब्दाची आपल्याला धास्ती वाटते, तोच आपण एका मुसाफिराला लावला होता.

सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांना वाईट नावांनी पुकारण्यास मनाई आहे, तर सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे. सूरह तौबाची सहावी आयत तर अनेकेश्वरवाद्यानेही आश्रय मागितल्यास तो द्यावा आणि त्याला सुरक्षित स्थळी पोहोचवावे, असे सांगते.

म्हणून बंधू-भगिनींनो, दारी अनोळखी माणूस आला तर आधी सलाम, मग पाणी, मग विचारपूस. नोंद करणे आवश्यक असेल तर ती रीतसर करा, पण आपल्या मुलांसमोर ऐकीव शब्दाने कोणाला दूषण देऊ नका.

अल्लाह आपल्या जिभेला न्याय आणि कानांना धीर देवो, आणि माझ्या त्या दिवसाच्या मौनाला क्षमा करो. आमीन.