शाळेत निघालेला साप

‘वॉकिंग टु स्कूल, अ स्नेक बिट द बॉय.’ आपल्याला यात काहीच खटकत नाही. शाळेत जाताना मुलाला साप चावला, इतकंच. पण इंग्रजी व्याकरणाच्या हिशेबाने इथे दप्तर घेऊन निघालाय तो साप. वाक्याच्या तोंडाशी आलेलं ‘वॉकिंग’ स्वल्पविराम ओलांडून थेट कर्त्याला चिकटतं, आणि इथला कर्ता साप आहे.

मराठीत हीच रचना निर्दोष ठरते. आपलं ‘जाताना’ कर्त्याशी इतकं बांधलेलं नसतं. ‘मुलाला’शीही ते खुशाल जुळतं. आपल्याकडे भूक ‘मला’ लागते, राग ‘मला’ येतो, साप ‘मला’ दिसतो. ज्याच्यावर गुदरतं तो माणूस कर्ता नसला तरी वाक्याचा यजमान असतो. ‘त्याला गावाला जाऊन वर्ष झालं’ यात गेला तो, आणि झालं ते वर्ष. तरी कुणी अडखळत नाही. ही सवय घेऊन आपण इंग्रजीत शिरतो, म्हणून ही चूक आपल्या डोळ्यांना दिसतच नाही.

संस्कृतात तर हा प्रश्न निराळ्याच रीतीने सुटतो. ‘विद्यालयं गच्छन्तं बालकं सर्पोऽदशत्’ या वाक्यातले शब्द कसेही फिरवा. ‘गच्छन्तं’ची विभक्ती ‘बालकं’शी जुळते, सापाशी नाही. जुन्या इंग्रजीतही अशा धातुसाधितांना विभक्तिप्रत्यय लागत. पुढे ते झिजून गेले आणि कोण कुणाचं विशेषण हे सांगण्याचं काम जागेवर आलं. आणि संस्कृतातल्या पूर्वकालवाचक ‘क्त्वा’ प्रत्ययाला (‘गत्वा’ म्हणजे ‘जाऊन’) तर पाणिनीने अटच घातली आहे: दोन्ही क्रियांचा कर्ता एकच हवा. इंग्रजीचे मास्तर आज जे बजावतात, ते याहून फार वेगळं नाही.

मग नियम मोडणारे सगळे अडाणी का? ‘हॅम्लेट’मधलं भूत सांगतं की, मी बागेत झोपलो असताना मला साप डसला अशी आवई उठवली गेली आहे. शेक्सपिअरच्या मूळ वाक्यात व्याकरणाने पाहिलं तर झोपलाय साप. पण झोपेत कोण मेला हे प्रेक्षकाला संदर्भानेच कळतं, त्यामुळे नाटकगृहात कुणी चुळबुळही करत नाही. ‘कन्सिडरिंग’, ‘जनरली स्पीकिंग’ यांसारखी रूपं तर कर्त्यावाचून सुखाने नांदतात. 1926 साली आलेल्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात कोशकार फाउलरनेही अशा रूपांना मोकळीक दिली. मला ते योग्य वाटतं. नियम वाचकाचा गोंधळ टाळण्यासाठी. गोंधळच नसेल तिथे छडी उगारण्यात काय हशील?

नोकरीच्या अर्जाचं मात्र तसं नाही. ‘हॅविंग कम्प्लीटेड माय डिग्री, युवर कंपनी अपील्स टु मी’ हे वाक्य वाचणारा अर्जदाराला ओळखत नाही. त्याच्यासमोर फक्त वाक्य असतं, आणि त्यात पदवी घेतलीय कंपनीने. स्वल्पविरामानंतर लगेच ‘आय’ आणावा, ‘आय वुड लाइक टु वर्क फॉर युवर कंपनी’ असं लिहावं. शाळकरी मुलाच्या वाक्यात ‘द बॉय वॉज बिटन’ म्हणावं. कर्मणी प्रयोग टाळा असा उपदेश इंग्रजीच्या वर्गात सर्रास होतो. इथे तो बेलाशक बाजूला ठेवावा.