आधी शुद्ध हो, मग ये

प्रश्न सरळ आहे. एका माणसाच्या रक्तात एचआयव्ही आहे आणि त्याच्या शिरेत रोज नशेची सुई जाते. तो दवाखान्याच्या दारात उभा आहे. त्याला औषध आधी द्यायचं, की आधी त्याची नशा सोडवायची?

पांढरपेशा उत्तर तयार असतं. म्हणे, गर्दुल्ला गोळ्या वेळेवर घेणार नाही, सरकारचं औषध वाया जाईल. आधी सुधार म्हणावं, मग ये.

हे वाक्य आपल्या कानांना नवं नाही. ‘आधी स्वच्छ राहायला शिका, मग पाणवठ्याचं बघू’ हे आपल्या बापजाद्यांनी ऐकलंय. स्वच्छ राहायला पाणी लागतं, आणि पाणी मिळायला आधी स्वच्छ असावं लागतं. या चक्रात माणूस तहानलेलाच मरतो. १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. पण सगळ्यांनी सोडल्याचा दाखला येईपर्यंत चवदार तळ्यावर जायचे थांबले नाहीत. २० मार्चला पाणी प्यालेच.

आता आपल्यातलेच काही विचारतील, पाचवं शील काय सांगतं? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारूची प्रतिज्ञा आहे ना? मग नशेखोराचा पुळका कशाला?

आहे. ती राहिलीच पाहिजे. दारूनं वस्त्याच्या वस्त्या कशा पोखरल्या हे आपल्या आयाबहिणींना विचारा. पण ती प्रतिज्ञा ‘मी पिणार नाही’ अशी आहे. ती ज्याची त्यानं घ्यायची. दुसऱ्याच्या औषधाला कुलूप म्हणून लावायला ती दिलेली नाही. हगवणीनं लडबडून पडलेल्या भिक्षूला बुद्धानं स्वतःच्या हातानं धुतलं, तेव्हा आधी त्याचं शील तपासलं नाही. बाकीच्या भिक्षूंनी त्याला का टाकलं होतं? तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता म्हणून. आजचा गर्दुल्ला तरी कुणाच्या उपयोगाचा आहे?

आणि नशा आकाशातून पडत नाही. गटारात उतरणारा आपला माणूस पिऊन उतरतो, कारण शुद्धीत राहून तो वास सोसवत नाही. ज्यांनी त्याला शुद्धीत जगू दिलं नाही, तेच त्याला शुद्ध होऊन यायला सांगतात!

आता दवाखान्यात चला. शरीर एक, खिडक्या चार. एचआयव्हीची औषधं इथं, क्षयाची तिथं, नशेचा उपचार तिसरीकडं, सुईतून होणाऱ्या हिपॅटायटिस सीचा चौथीकडं. दर ठिकाणी रांग, दर ठिकाणी नवा केसपेपर, दर ठिकाणी तीच नजर. बिगाऱ्याचा रोज बुडतो तो वेगळाच.

यानं नुसता त्रास होत नाही, जीव जातो. क्षयावरचं रिफॅम्पिसिन हे औषध, नशा सोडवायला दिलेल्या मेथाडोनचा अंमल लवकर उतरवतं. हे माहीत असलेला डॉक्टर मेथाडोनचा डोस वाढवून देतो. पण या खिडकीचं त्या खिडकीला ठाऊक नसलं, की रोग्याला टर्की लागते. अंग मोडून येतं, घाम, उलट्या, जुलाब. तो क्षयाची गोळी टाकतो, सुई धरतो. वर शिक्का बसतो, ‘याला सुधारायचंच नाही.’ तेच रिफॅम्पिसिन एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्राविरचाही जोर कमी करतं. म्हणून ते दिवसातून दोनदा द्यावं लागतं. हे सगळं एका टेबलावर बसल्याशिवाय कळायचं कसं?

उलट बाजूही बघा. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायला तो रोज केंद्रावर येतो, नर्सच्या डोळ्यांदेखत घेतो. जो माणूस रोज येतोच, त्याच्या त्याच हातावर एचआयव्हीची आणि क्षयाची गोळी ठेवायला काय लागतं? ‘वेळेवर घेणार नाही’ या आरोपाचं उत्तर तिथंच आहे.

कायद्याचंही तेच त्रांगडं. २००४ पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीची औषधं फुकट मिळू लागली. २०१७ चा एचआयव्हीचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात भेदभावानं उपचार नाकारायला बंदी आहे आणि रोग पसरू नये म्हणून स्वच्छ सुया देणं गुन्हा नाही. पण १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा नुसत्या सेवनालाही तुरुंग सांगतो. स्वतःहून उपचाराला येणाऱ्याला त्यात सूट आहे खरी, पण फुटपाथवरच्या माणसाला ते सांगतो कोण? एक कायदा म्हणतो ये, दुसरा म्हणतो धरा याला. तो येणार कुठून?

म्हणून ही भीक नाही, हक्काची मागणी आहे. एक छप्पर, एक केसपेपर, एकमेकांशी बोलणारे डॉक्टर. आणि दारावर शुद्धतेची अट नको. नशा सुटावी ही आपलीही इच्छा आहे. पण मेलेल्या माणसाला पाचवं शील पाळता येत नाही.