सरकार काय मोजतं

गाडीचा आकार कारखान्यातला अभियंता ठरवतो, असा आपला समज असतो. 2006 च्या अर्थसंकल्पानं त्या समजाला चांगलीच कात्री लावली. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आलं, आणि बघता बघता भारतीय सेडान मागून आखडत गेली. टाटांनी 2008 मध्ये इंडिगोची आखूड आवृत्ती काढली. मारुतीची पहिली डिझायर 4,160 मिलीमीटर लांब होती, 2012 ची 3,995 भरली. ही काटछाट मुख्यतः डिकीला भोवली: 440 लिटरची डिकी 316 वर आली. लहान गाड्यांच्या निर्मितीचं केंद्र भारतात व्हावं, हा अर्थमंत्र्यांचा हेतू चांगलाच होता. पण अर्थसंकल्पातली एक ओळ लोखंडाला कशी वळवते, हे डिझायरच्या त्या तोकड्या पाठीवर आजही वाचता येतं.

सरकारनं मोटार उद्योगात हात घालावा की घालू नये, हा वाद मला म्हणूनच अपुरा वाटतो. हात घातलेलाच असतो. विचारायला हवं ते हे, की त्या हातात मोजपट्टी कसली आहे.

स्वातंत्र्यानंतरची कितीतरी वर्षं ती संख्येची होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला. 1951 च्या कायद्यानं उद्योगांना परवान्याच्या चौकटीत बसवलं. सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळला. उरल्या हिंदुस्तान, प्रीमियर आणि स्टँडर्ड. गाड्या कमी आणि ताटकळणारी माणसं फार, म्हणून 1969 मध्ये सरकारनं किंमतही बांधून दिली. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गाडीची रास्त किंमत कशी काढायची, नफा किती धरायचा, याचा हिशेब न्यायमूर्तींना करावा लागला. टंचाईच्या काळात किंमत बांधणं मला गैर वाटत नाही. पण त्याच सुमारास, 1968 पासून, अमेरिकेत नव्या मोटारींत सीटबेल्ट बसवणं बंधनकारक झालं होतं. आपल्याकडे अख्खी गाडी अडथळ्यावर आदळून आतल्या माणसाचं काय होतं ते बघण्याची सक्ती यायला 2017 उजाडलं.

अमेरिकेतल्या वाहन-सुरक्षेच्या त्या सरकारी कामाचे पहिले प्रमुख विल्यम हॅडन हे डॉक्टर होते, साथीच्या रोगांकडे बघावं तसे अपघाताकडे बघणारे. चूक कोणाची, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. धडकेत मोकळी होणारी ऊर्जा शरीरापर्यंत पोचते कशी आणि ती वाटेत कुठं अडवता येईल, हे ते विचारत. आपल्याकडे अपघाताची बातमी अजून ‘चालकाचा ताबा सुटला’ इथंच संपते.

3 जून 2014 च्या सकाळी दिल्लीत विमानतळाकडे निघालेले केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे मागच्या सीटवर होते. पट्टा लावलेला नव्हता. दुसरी गाडी येऊन धडकली आणि पोटातल्या रक्तस्रावानं ते गेले. परळीला त्यांच्या अंत्यसंस्काराला लोटलेली गर्दी ज्यांनी पाहिली त्यांना तो दिवस विसरणं शक्य नाही. मागच्या सीटवरही पट्टा लागतो, हे त्या आठवड्यात राज्यभर बोललं गेलं. आठ वर्षांनी, सप्टेंबर 2022 मध्ये, पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. तेही मागेच बसले होते, तेही पट्ट्याविना.

मुंडे गेले त्याच वर्षीच्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्या परदेशी प्रयोगशाळेत ताशी 64 किलोमीटर वेगानं आदळल्या. पुढच्या भागाची जेमतेम 40 टक्के रुंदी अडथळ्यावर आपटते, म्हणजे समोरून चुकून आपल्या बाजूला आलेल्या वाहनाची धडक. चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या चेहऱ्याला ओला रंग फासलेला असतो, डोकं कुठं आपटलं ते कळावं म्हणून. एअरबॅग असेल तर रंग कापडावर उमटतो, नसेल तर स्टीअरिंगवर. सगळा खेळ साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्शात आटोपतो. अल्टो, नॅनो, आय10, फिगो, पोलो या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. फिगो आणि पोलोचा सांगाडा टिकला होता, पण तपासलेल्या गाड्यांत एअरबॅगच नव्हत्या.

सहा एअरबॅगांची सक्ती करण्याचा मसुदा 2022 मध्ये आला, पुढे ढकलला गेला, आणि सप्टेंबर 2023 मध्ये सक्तीची गरज नाही, असं नितीन गडकरींनी सांगितलं. सक्तीला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. गाडी महागली तर चार जणांचं कुटुंब दुचाकीवरच राहील, असं ते म्हणत. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यांत चाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. मुद्दा खरा आहे. मात्र गरिबाला गाडी परवडावी म्हणून तिच्यातून त्याचं संरक्षण वजा करायचं, हा हिशेब मला पटलेला नाही. शुल्क कमी करूनही गाडी स्वस्त होते, ते 2006 मध्ये आपण केलं होतंच.

पुढं जे घडलं ते मला महत्त्वाचं वाटतं. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपली चाचणी सुरू झाली. ती ऐच्छिक असली तरी शोरूममध्ये गिऱ्हाईक ‘किती स्टार?’ असं विचारू लागलं. 2024 ची डिझायर तीच 3,995 मिलीमीटरची, पण ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिनं पाच तारे मिळवले. 2025 मध्ये अल्टोतही सहा एअरबॅगा आल्या. सक्ती झाली नाही, पण मोजून निकाल जाहीर होऊ लागला, तेवढ्यानंही उद्योग हलला. आता भारत एनकॅपची चाचणी प्रत्येक मॉडेलला बंधनकारक करून निकाल किमतीशेजारी लावायला लावावा.

तरीही हे तारे मुख्यतः आत बसलेल्या मोठ्यांच्या आणि मुलांच्या गुणांवर ठरतात. 2022 च्या मृतांत 32,825 पादचारी होते. कर ठरवतानाही त्यांचा विचार दिसला नाही. जीएसटी परिषदेनं 2023 मध्ये उपकरासाठी एसयूव्हीची व्याख्या करताना लांबी पाहिली, इंजिन पाहिलं, गाडीचा तळ जमिनीपासून 170 मिलीमीटर वर आहे का तेही पाहिलं. शाळेतून घरी निघालेल्या पोराच्या डोक्याशी जे बॉनेट भिडतं, त्याची उंची त्या व्याख्येत नव्हती. ती मोजा, आणि जादा कर लावायचाच असेल तर लांबीच्या आधी तिच्यावर लावा.