शिकार हलाल, मग हा व्यापार हराम का?

मांडूळ विकण्यासाठी गिऱ्हाईक शोधणारी टोळी पकडली गेली, खवले मांजराच्या खवल्यांनी भरलेले पोते जप्त झाले, विमानतळावर एका प्रवाशाच्या सामानात जिवंत कासवे सापडली, अशा बातम्या आपण अधूनमधून वाचतो आणि पान उलटतो. गुन्हा झाला, आरोपी सापडले, पुढचे न्यायालय पाहील, एवढ्यावर आपला विचार थांबतो. परंतु विचारी मुसलमानाच्या मनात येथे एक प्रश्न येऊ शकतो आणि तो टाळण्यासारखा नाही. शरीअतने शिकार हलाल ठरविली आहे. रानातला पशुपक्षी कोणाच्या मालकीचा नसतो. जो त्याला कष्टाने पकडतो त्याचा तो होतो, असे फिकहचे परिचित तत्त्व आहे. मग असा प्राणी पकडून विकणे हा सरकारी गुन्हा असेलही; पण अल्लाहच्या दरबारात तो गुनाह कसा ठरतो?

'गुन्हा' आणि 'गुनाह' हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत. आपल्या व्यवहारात मात्र पहिला पोलीस ठाण्यापुरता उरला आणि दुसरा मशिदीपुरता. वन्यजीवांच्या व्यापाराबाबत ही फारकत कितपत टिकते, ते पाहू.

प्रथम अनुमतीचाच विचार करू. सूरह अल् माइदामध्ये शिकारीची परवानगी आली आहे ती खाण्याच्या संदर्भात. शिकवून तयार केलेल्या जनावराने धरून आणलेले खा आणि त्यावर अल्लाहचे नाव घ्या, असा तेथील आदेशाचा आशय आहे. ज्याचा जीव घ्यायचा त्याच्यावर त्याच्या निर्मात्याचे नाव घ्यावे लागते, यातच सर्व काही आले. हा जीव माझा नव्हता, ज्याचा होता त्याच्या परवानगीने आणि माझ्या गरजेपुरता मी तो घेत आहे, अशी ती कबुली आहे. याच सूरहमध्ये पुढे इहरामच्या अवस्थेत शिकार करण्यास मनाई केली आहे आणि ती जाणूनबुजून मोडणाऱ्यास भरपाई सांगितली आहे. मक्केच्या हरमच्या सीमेत तर शिकार सदैव निषिद्ध आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेच्या परिसरालाही हरम ठरविले, तेथील शिकार आणि वृक्षतोड यांना मनाई केली. नकी नावाचे कुरण त्यांनी 'हिमा' म्हणून राखून ठेवले होते. हलाल कृत्यालाही स्थळाची, काळाची आणि सार्वजनिक हिताची मर्यादा असते, हे यावरून स्पष्ट होते. स्वतःचे नुकसान करू नये आणि दुसऱ्याचेही करू नये, या प्रेषितवचनावर तर फिकहचा एक मोठा नियम उभा आहे.

'कोणाच्याच मालकीचे नाही' याचा अर्थही नीट समजून घ्यावा लागेल. हदीसनुसार पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्व लोक भागीदार आहेत. म्हणून वाटसरूला पाणवठ्यावर तहान भागविण्याचा हक्क आहे; पाणवठा आटवून रिकामा करण्याचा नाही. त्याच्या मागून येणाऱ्याचाही त्यात वाटा आहे. रानाचेही तसेच आहे. त्याचा खरा मालक अल्लाह आहे आणि मनुष्याकडे ते अमानत म्हणून सोपविलेले आहे. अमानतीतून गरजेपुरते वापरण्याची मुभा असू शकते. अमानतच संपविण्याची मुभा कोणत्याही करारात नसते.

येथे 'संपविणे' हा शब्द महत्त्वाचा आहे. सूरह अल् अनआमच्या ३८ व्या आयतीत पृथ्वीवर चालणाऱ्या जनावरांना आणि पंखांनी उडणाऱ्या पक्ष्यांना मनुष्यासारखेच समुदाय म्हटले आहे. त्यासाठी आलेला शब्द 'उमम' हा आहे, म्हणजे उम्मतचे अनेकवचन. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एका पूर्वकालीन प्रेषिताची हकीकत आहे. त्यांना मुंगी चावली, तेव्हा त्यांनी मुंग्यांचे सबंध वारूळ जाळविले. अल्लाहने त्यांना जाब विचारला, की एका मुंगीच्या चाव्यासाठी तुम्ही अल्लाहचा महिमा गाणारी एक उम्मत जाळलीत. हजरत नूह (अ.) यांना नौकेत प्रत्येक जातीची जोडी घेण्याची आज्ञा झाली, ती याच दृष्टीने पाहावी. अपराधी माणसे बुडाली, पण प्राण्यांचे वंश राखले गेले. भुकेसाठी एक ससा मारणे ही शिकार झाली. पैशासाठी एक वंशच पृथ्वीवरून नाहीसा होईल असे वागणे, याला शिकारीचा नियम लावता येत नाही. ही एका उम्मतची कत्तल आहे.

आता हा व्यापार प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहू. खवले मांजर आपल्या कोकणात आणि सह्याद्रीच्या रानात आढळते. ते मुंग्या आणि वाळवी खाऊन जगते, कोणाला इजा करीत नाही. मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते. संकट दिसताच ते अंगाचे वेटोळे करून चेंडूसारखे पडून राहते. या युक्तीपुढे वाघाचेही काही चालत नाही. माणूस मात्र तेच वेटोळे उचलून पोत्यात घालतो. अल्लाहने दिलेले संरक्षणच त्याच्या नाशाला कारण होते. त्याचे खवले औषधी म्हणून पूर्व आशियातील बाजारात विकले जातात. वास्तविक ते खवले केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात. आशियातील चार आणि आफ्रिकेतील चार अशा आठही जाती यामुळे संकटात आल्या. २०१६ साली जोहान्सबर्ग येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत आठही जातींच्या व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. २०२० मध्ये चीननेही आपल्या अधिकृत औषधसंहितेच्या यादीतून हे खवले वगळले. आजारात उपचार करावा, पण हराम वस्तूने करू नये, ही प्रेषितांची शिकवण आपल्याकडे आहेच.

मांडुळाची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. हा बिनविषारी साप शेतातील उंदीर खातो. त्याची शेपटी बोथट असल्यामुळे लोक त्याला दुतोंडी समजतात आणि त्याच्यामुळे गुप्तधन सापडते, घरात बरकत येते, अशी बतावणी करून वजनावर त्याची किंमत सांगितली जाते. येथे दोन अपराध एकत्र आले आहेत. एक, मुक्या जिवावर जुलूम. दुसरा त्याहून भयंकर आहे: रोजी देणारा अल्लाह आहे अशी साक्ष द्यायची आणि बरकत मात्र सापाकडे मागायची. तौहीदवर श्रद्धा ठेवणाऱ्या घरात असा विचार शिरणे, ही हानी कायद्याच्या कोणत्याही शिक्षेपेक्षा मोठी आहे.

या व्यापारात दोषी कोण? बहुतेक वेळा पकडला जातो तो रानाजवळ राहणारा गरीब माणूस. त्याच्या हाती थोडे पैसे पडतात. मोठी रक्कम दलाल आणि पुढचे व्यापारी घेतात आणि विकत घेणारा तर कोठेच दिसत नाही. परंतु इस्लामचा न्याय साखळीच्या एकाच कडीवर थांबत नाही. दारूसंबंधीच्या प्रसिद्ध हदीसमध्ये पिणाऱ्याबरोबर गाळणारा, वाहून नेणारा, विकणारा, विकत घेणारा आणि तिची किंमत खाणारा अशा दहा जणांना दोषी धरले आहे. तीच कसोटी येथे लावावी. ज्याने रानात पाऊलही ठेवले नाही, पण पैसे मोजले, त्यानेच सापळा लावविला. गिऱ्हाईक नसेल तर सापळा कोण लावील?

यावर कोणी म्हणेल, की आमचा या टोळ्यांशी काय संबंध? म्हणून पिंजऱ्यातील पोपटाविषयी बोलणे भाग आहे. आपल्या देशातील रानपोपट पकडणे, विकणे आणि पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे अनेक सुशिक्षित कुटुंबांनाही ठाऊक नसते. समर्थनार्थ अबू उमैर या बालकाची हदीस सांगितली जाते. त्याचा लहानसा पक्षी मेला, तेव्हा प्रेषितांनी त्याचे प्रेमाने सांत्वन केले; पक्षी बाळगल्याबद्दल दोष दिला नाही. दाणापाणी नीट दिल्यास पक्षी बाळगता येतो, असे विद्वानांनी यावरून म्हटले आहे. हे मान्यच आहे. पण त्या हदीसमध्ये बाजार नाही. आजच्या पोपटामागे ढोलीतून काढलेली पिल्ले, टोपलीत गुदमरून वाटेतच मेलेली त्यांची भावंडे आणि ढोलीभोवती ओरडत फिरणारे आईबाप आहेत. अशा एका पक्षिणीची पिल्ले काही सहाबींनी उचलली होती आणि ती पंख फडफडत घिरट्या घालू लागली. अबू दाऊदच्या संग्रहात नोंद आहे, की प्रेषितांनी विचारले, हिला पिल्लांवरून कोणी दुखविले? आणि पिल्ले परत ठेवायला लावली. दोन्ही हदीस आपल्याच आहेत. आपल्या सोयीची तेवढी स्मरणात ठेवायची, हा प्रामाणिकपणा नव्हे.

या प्रश्नावर उलेमांनी सामुदायिक भूमिकाही घेतली आहे. इंडोनेशियात सुमात्राचा वाघ, हत्ती, गेंडा आणि ओरांगउटान हे शिकारीने आणि जंगलतोडीने घटत चालले होते. तेथील उलेमांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ साली चौथ्या क्रमांकाचा फतवा काढून संकटग्रस्त प्राण्यांची बेकायदेशीर शिकार आणि व्यापार हराम ठरविला. प्रत्येक सजीवाला जगण्याचा हक्क आहे, हे त्यात नमूद केले आणि शासन, उलेमा व सामान्य जनता यांची कर्तव्येही सांगितली. जगातील सर्वाधिक मुसलमान ज्या देशात राहतात, तेथून हा आवाज उठला, ही आपल्यासाठी विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

आपल्या देशातही कायदा कठोर आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या शिकारीसाठी किमान ३ आणि कमाल ७ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. नागरिक म्हणून या कायद्याशी आपण करारबद्ध आहोत आणि करार पाळण्याची आज्ञा सूरह अल् माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. परंतु रान अफाट आहे आणि रक्षक थोडे. जेथे कोणाची नजर पोचत नाही तेथे कायदा संपतो आणि तकवा सुरू होतो. याच सूरहच्या ९४ व्या आयतीचा आशय पाहा: श्रद्धावंतांची परीक्षा अशा शिकारीने घेतली जाईल, जी त्यांच्या हातांच्या आणि भाल्यांच्या टप्प्यात असेल, न पाहता अल्लाहचे भय कोण बाळगतो, हे त्यातून दिसावे म्हणून. काही भाष्यकारांच्या मते हुदैबियाच्या प्रवासात इहराम बांधलेल्या सहाबींच्या मुक्कामाजवळ प्राणी येऊ लागले होते. हात पुढे केला असता तर मिळाले असते. त्यांनी हात आवरला.

याउलट चित्र सूरह अल् आराफमध्ये आहे. समुद्रकाठच्या एका वस्तीला शनिवारी मासेमारी करण्यास मनाई होती आणि नेमके त्याच दिवशी मासे भरभरून वर येत. त्या लोकांनी पळवाटा काढल्या आणि ते शिक्षेस पात्र ठरले. वाईटापासून रोखणारे मात्र वाचविले गेले. शिकार हाताशी होती दोघांच्याही. फरक अंतःकरणात होता.

ती परीक्षा आज आपल्यापुढे आहे. कोणी मांडुळाची बातमी घेऊन येईल, कोणी पोपटाचे पिल्लू दाखवील, कोणी दुर्मीळ औषधाची पुडी देऊ करील. अशा वेळी घरातल्या मोठ्यांनी स्पष्ट नकार द्यावा आणि नकाराचे कारण मुलांना सांगावे. वनविभागाला कळविणे ही चुगली नाही, ते अमानतीचे रक्षण आहे. शुक्रवारच्या खुतब्यात या विषयाला चार वाक्यांची जागा मिळाली तरी पुष्कळ होईल. विनाकारण मारलेल्या चिमणीबद्दलही अंतिम दिनी विचारणा होईल, असे प्रेषितांनी बजावले आहे. मग एका संपूर्ण उम्मतच्या नाशाबद्दल आपण काय उत्तर देणार? अल्लाह आपल्याला ही अमानत जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.